टोपल्या येत नाहीत

अनारसा बिघडला की तो तुपात हसतो आणि करणारीला रडू येते. चकली बिघडली की सोऱ्यातूनच तिचे तुकडे पडू लागतात. फराळाच्या जिनसांचा हा एक मोठा गुण आहे. त्या आपली चूक दुसऱ्यावर ढकलत नाहीत. भाजणी कच्ची होती, मोहन कमी पडले, तूप नीट तापले नव्हते, जे काय असेल ते कढईतच उघडे पडते. चकली मोडली म्हणून खाणाऱ्याचे दात वाईट, असे म्हटलेले मी आजवर कुठल्याही घरात ऐकलेले नाही.

आमच्या शिकवण्याच्या धंद्यात मात्र हे सर्रास चालते. धडा बिघडला तर धड्याच्या अंगावर काही उमटत नाही. ते उमटते मुलाच्या प्रगतिपुस्तकावर. इतकी वर्षे फळ्यापुढे काढल्यावर ही गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती. पण ती मला कळली एका सातवीतल्या मुलीकडून आणि तीही, सांगायला लाज वाटते, तिचे नुकसान करून झाल्यावर.

मार्च २०२० मध्ये देशभरच्या शाळांना कुलपे लागली आणि आम्हां मास्तर-मास्तरणींच्या हातात खडूऐवजी फोन आला. पुढे शाळा उघडल्या, पण फोन काही हातातून सुटला नाही. आमचे गाव कृष्णाकाठचे. नदीला पाणी आले की शाळा चार-आठ दिवस बंद ठेवावी लागते. अशाच एका पावसाळ्यात मुख्याध्यापकांनी फर्मावले की, प्रत्येकाने आपल्या विषयाचा एक धडा संगणकावर तयार करावा. धडा नुसता वाचायचा नको, मुलांना त्यात काहीतरी करता आले पाहिजे. करता करता शिकले की ते पक्के होते. बोलणे अगदी खरे होते.

मी मराठीची शिक्षिका. शब्दांच्या जाती हा विषय घेतला. चार रात्री जागून मी जो धडा केला तो पाहून मला माझेच कौतुक वाटले. पडद्यावर एक मळा, मळ्यात चार टोपल्या. लाल टोपली नामांची, हिरवी क्रियापदांची, पिवळी विशेषणांची, निळी सर्वनामांची. वरून एकेक शब्द फळासारखा लोंबत यायचा. मुलाने तो बोटाने धरून ओढत न्यायचा आणि योग्य त्या टोपलीत सोडायचा. प्रत्येक शब्दाला तीस सेकंद. कोपऱ्यात घड्याळ पळते आहे. उत्तर बरोबर आले की सगळा पडदा लखलखून एक फटाका फुटायचा. शब्दांची अक्षरे वळणदार दिसावीत म्हणून मी ती साधी टंकलिखित न ठेवता त्यांची चित्रे करून घातली होती. आमच्या शाळेतले गणिताचे गुरुजी सहसा कोणाला चांगले म्हणत नाहीत, तेसुद्धा म्हणाले, “बाई, पोरं आता पुराची वाट बघतील!”

पूर आला, शाळा बंद झाली, धडा घरोघर गेला. आठ दिवसांनी गुणांची यादी आपोआप तयार होऊन माझ्यापुढे आली. वर्गातल्या बहुतेकांना दहापैकी सात-आठ. एका नावापुढे मात्र शून्य. मी क्षणभर थबकले. पण यंत्राने दिलेल्या गुणांवर विश्वास ठेवायची आपल्याला मोठी लवकर सवय लागते. मी नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिले: ‘व्याकरणाचा सराव हवा. सूचना लक्षपूर्वक ऐकत नाही.’

ती मुलगी जन्मापासून आंधळी आहे.

वाचक म्हणतील, मग एवढेही तुमच्या लक्षात आले नाही? नाही आले, हेच तर सांगायचे आहे. ती त्याच वर्षी निवासी अंधशाळेतून आमच्याकडे आली होती. घरी राहून शिकावे अशी तिच्या आजीची इच्छा होती. वर्गात ती दुसऱ्या बाकावर बसे, कविता एकदा ऐकून पाठ म्हणे, आणि तिच्या वडिलांच्या फोनमधले बोलणारे यंत्र तिला सारे वाचून दाखवते, हे मला माहीत होते. फोन वाचतो म्हणजे माझा धडाही वाचेलच, असे मी गृहीत धरले होते. जगभर ऐकण्यावाचून जिला दुसरा आधार नाही, तिच्याविषयी मी लिहिले होते, ऐकत नाही!

पालकसभेला तिचे वडील आले. ते वडापची जीप चालवतात. सगळे गेल्यावर मागे थांबले आणि टोपी हातात घेऊन म्हणाले, “बाई, रागवू नगा. माझा फोन दिसभर माझ्याकडं असतोय. रातच्याला आठला पोरीला दिला, तर साडेनऊपातूर बोट फिरवत बसली हुती. मग फोन ठिवला आन म्हनाली, आप्पा, हे आपल्यासाठी केल्यालं न्हाई.”

तक्रार अशी त्या बोलण्यात काही नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर देता आले असते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावले. धड्यातले दहाही शब्द मी तोंडी विचारले. तिने दहाही जाती धडाधड सांगितल्या. मी म्हटले, “अगं, मग फोनवर का नाही सांगितलंस?”

ती म्हणाली, “बाई, शब्दांच्या जाती येतात मला. टोपल्या येत नाहीत.”

मग तिने मला दाखवले. फोनमधला आवाज लिलाव पुकारणाऱ्या दलालासारखा भरधाव बोलत होता. मला निम्मे कळेना, तिला सारे कळत होते. ती बोट डावीकडून उजवीकडे सरकवी आणि आवाज म्हणे: चित्र. चित्र. चित्र. लेबल नसलेले बटण. चित्र. माझी ती वळणदार अक्षरे, तो मळा, त्या टोपल्या, सगळ्यांचे मिळून एकच नाव होते, चित्र. एवढ्यात तीस सेकंद संपत आणि यंत्र पुढच्या शब्दाकडे पळे. फटाका काही उडालाच नाही. आणि उडाला असता तरी त्याला आवाज नव्हता.

ती वर्गात गेल्यावर मी दार लोटून घेतले, डोळ्यांवरून पदर घट्ट ओढला आणि आपलाच धडा चालवून पाहू लागले. पाच मिनिटांत मला घाम फुटला. त्यातच शिपाईमामा चहा घेऊन आत आले आणि मला तशी पाहून, कपाळ दुखत असेल अशा समजुतीने, बाम आणायला गेले. मी काही खुलासा केला नाही. कादंबरी लिहिताना मी माणसांच्या मनात शिरते, असे परीक्षणांतून कोणी कोणी लिहिले आहे. कागदावरच्या, मीच जन्माला घातलेल्या माणसांच्या मनात शिरणे फारसे कठीण नसावे. दुसऱ्या बाकापर्यंत जाणे मला जमले नव्हते.

माझा भाचा पुण्याला एका कंपनीत असलीच कामे करतो. त्याला फोन करून मी सारी हकिकत सांगितली. तो आधी मनमुराद हसला आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “मावशी, त्या पोरीचं बोट आणि तुझं बोट एकच काम करत नाही. तुझं बोट ओढतं. तिचं बोट वाचतं. वाचता वाचता ओढायचं कसं?”

त्याच्याकडून मला एकेक गोष्ट समजत गेली. पडदा वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला स्क्रीन रीडर म्हणतात. फोनमध्ये ती आयतीच असते. संगणकासाठी एनव्हीडीए नावाची फुकट मिळणारी यंत्रणा आहे, आणि तिचे काम २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केले. ही यंत्रणा अक्षरे वाचते, चित्रे वाचत नाही. चित्राच्या मागे त्याचे वर्णन शब्दांत लिहून ठेवले असेल तरच ती ते बोलते. मी लिहिले नव्हते. म्हणून तिने तरी काय बोलावे?

याविषयी जगाने नियमही करून ठेवले आहेत, हे ऐकून तर मी चकितच झाले. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली स्थापन केलेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने ते १९९९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केले. २००८, २०१८ आणि २०२३ साली त्यांत भर पडली. २०२३ च्या नियमांत एक कलम जणू माझ्या टोपल्यांकडे पाहूनच लिहिलेले आहे: जे काम ओढून करायचे ते न ओढता, नुसते टेकवूनही करता आले पाहिजे. दुसरे कलम घड्याळाचे: वेळेची मर्यादा काढून टाकता यावी, नाहीतर निदान दहापट वाढवता यावी. माउसने होते ते सगळे कीबोर्डनेही व्हावे. नुसत्या रंगावरून काही ओळखायला सांगू नये. अक्षर आणि त्यामागचा रंग यांतल्या उजेडाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे. माझी पांढऱ्यावरची पिवळी अक्षरे या हिशेबात कुठेच बसत नव्हती.

आणि फटाका! पडदा सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये, असे एक कलम आहे. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये दूरदर्शनवरच्या एका व्यंगचित्रपटात तांबडा-निळा प्रकाश झपाझप चमकला आणि ६०० हून अधिक माणसांना, बहुतेक मुलांनाच, इस्पितळात न्यावे लागले. अशा चमकण्याने काहींना फिट येते. माझा फटाका सेकंदाला किती वेळा चमकत होता हे मोजायचे धैर्य मला झाले नाही. मी तो आधी बंद केला.

त्याच दिवसांत मी लुई ब्रेल यांचे चरित्र पुन्हा वाचले. १८०९ साली फ्रान्समधल्या कूव्रे गावी जन्मलेला हा मुलगा तिसऱ्या वर्षी वडिलांच्या खोगिरांच्या कारखान्यात खेळताना हत्यार लागून आंधळा झाला. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. ती शाळा व्हॅलेंटिन हाउई यांनी काढलेली. मोठे कनवाळू गृहस्थ. त्यांनी डोळसांचीच अक्षरे जाड कागदावर उठावदार छापून आंधळ्या मुलांसाठी पुस्तके केली होती. पाहणाऱ्याला ती फार सुंदर वाटत. पण बोटाला त्या वळणांचा पत्ता लागायला फार वेळ लागे, आणि त्या अक्षरांत मुलांना लिहिता तर येतच नसे. पुढे बार्बिए नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची एक लिपी आणली. ब्रेलनी बाराचे सहा केले, कारण सहा ठिपके एका बोटाच्या पेराखाली मावतात. हे त्यांना कळले, कारण बोट त्यांचे स्वतःचे होते. १८२९ मध्ये त्यांनी आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. त्यांच्याच शाळेने ती रीतसर स्वीकारली १८५४ साली, ते वारल्यावर दोन वर्षांनी. आपल्या देशातल्या भाषांसाठी १९५१ मध्ये एकच भारती ब्रेल ठरली; तिच्यात ‘क’ म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. हे मला त्या मुलीनेच तिच्या पाटीवर टोचून दाखवले.

हाउईंची ती सुंदर पुस्तके वाचताना मला माझी वळणदार अक्षरे आठवत होती.

आता माझी दुसरी चूक सांगते. ती पहिलीपेक्षा बारीक आहे, पण मला ती अधिक बोचते. भाच्याच्या मदतीने मी त्या मुलीसाठी एक वेगळा धडा केला. त्यात मळा नाही, टोपल्या नाहीत, फटाका नाही. साधी वाक्ये आणि त्याखाली चार पर्याय. ती दहा मिनिटांत सोडवून मोकळी झाली. मला वाटले, फिटले आता. दोन दिवसांनी व्हरांड्यात ती माझ्या पावलांच्या आवाजावरून मला ओळखून म्हणाली, “बाई, एक विचारू? बाकीच्यांना फटाका वाजतो म्हणे. माझ्या धड्यात का नाही वाजत?”

लग्नाच्या पंगतीत एखाद्याला वेगळे पान मांडून वरणभात वाढावा, आणि त्याचे पोट भरले म्हणून आपण समाधान मानावे, तसे मी केले होते. तिला पोटापुरते व्याकरण मी वाढले होते. पंगत तशीच राहिली होती.

मग मात्र आम्ही सगळ्यांसाठी एकच धडा करायला घेतला. मळा ठेवला, टोपल्याही ठेवल्या. पण प्रत्येक टोपलीवर तिचे नाव अक्षरांत लिहिले, रंग नुसता शोभेला उरला. शब्द खऱ्या अक्षरांत आले. ओढायचे त्याने ओढावे. ज्याला ओढायचे नाही त्याने शब्दावर टेकवावे आणि मग टोपलीवर टेकवावे, शब्द आपोआप जाऊन पडतो. कीबोर्डवर टॅबचे बटण दाबत गेले की एकेका टोपलीभोवती जाड चौकट येते, एंटर दाबले की काम झाले. घड्याळ हवे असेल त्याने लावावे. फटाका हलकेच एकदा उजळतो, ‘फट्’ असा आवाज करतो, आणि खाली अक्षरेही उमटतात: ‘बरोबर! हे नाम आहे.’ उत्तर चुकले तर का चुकले हे एका ओळीत सांगितले जाते. पूर्वी नुसती लाल फुली यायची.

त्यानंतर ज्या गोष्टी घडल्या त्यांची मला कल्पना नव्हती. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचे हात जन्मापासून थरथरतात. पहिल्या धड्यात त्याला दहापैकी दोन होते. बोटातला शब्द वाटेतच गळून भलत्याच टोपलीत पडायचा. नव्या धड्यात त्याने शाळेच्या संगणकावर, कीबोर्डने, नऊ मिळवले. दुसरा एक हुशार मुलगा नामे आणि क्रियापदे यांची सतत अदलाबदल करत असे. मी त्याला धांदरट म्हणत होते. त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, हे तेव्हा उघडकीस आले. हा दोष मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ जास्त आढळतो, आणि इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून असे किती धांदरट गेले असतील कोण जाणे. एकीच्या घरच्या फोनची काच तडकलेली, तिथे ओढलेला शब्द तड्याशी अडायचा. यातल्या कोणीही कधी तक्रार केली नव्हती. मुले फार समजूतदार असतात. आपण दिलेले गुण ती खरे मानतात.

एकीसाठी केले आणि साऱ्यांचा फायदा झाला, असे आता लोक मला कौतुकाने सांगतात. ते खरे आहे. पण मला ते पुरते पटत नाही. समजा, बाकी कोणाचाही काडीचा फायदा झाला नसता, तर? तरीही तो धडा बदलायलाच हवा होता. ती माझ्या वर्गात होती, एवढे कारण पुरेसे आहे.

कायदाही आता हेच म्हणतो. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या निकालामागची हकिकत ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अॅसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे जायबंदी झालेल्या एका बाईंना बँकेत खाते उघडायचे होते. आणि त्या जिवंत आहेत याची खात्री पटावी म्हणून यंत्र त्यांना म्हणत होते, डोळे मिचकावून दाखवा. ते यंत्र करणाराही काही दुष्ट नसेल. त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचेच डोळे असतील. माझ्या डोळ्यांपुढे टोपल्या होत्या, तसेच.

नोंदवहीतला तो शेरा मी तांबड्या शाईने खोडला, खाली सही केली आणि कारण लिहिले: ‘धडा सदोष होता.’ मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून विचारले, “असं कुठे लिहितात का, बाई?” मी म्हटले, “कढईत लिहितात, सर.” त्यांना ते कळले नाही, आणि समजावून सांगण्याइतकी मधली सुट्टी उरली नव्हती.

आता नवा धडा केला की तो आधी त्या मुलीकडे आणि त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे जातो. वर्गाला मिळतो तो त्यांनी पास केल्यावर. पहिल्या वेळी तिने पुरा सोडवला आणि तिला दहापैकी नऊ मिळाले. ती तडक माझ्याकडे आली. ‘लहान मुले गोड खातात’ या वाक्यातला ‘गोड’ मी विशेषणांच्या टोपलीतला धरला होता; तिने तो नामांच्या टोपलीत टाकला होता.

“बाई, गोड काय खातात? लाडू म्हटलं असतं तर गोड हे विशेषण. इथं नुसतं गोडच खातात. म्हणजे ते नाम म्हणून आलंय ना?”

मी वाक्य पुन्हा वाचले. तिचे म्हणणे बरोबर होते. एवढ्या जागरणांत, एवढ्या दुरुस्त्यांत, भाच्याच्या आणि माझ्या चार डोळ्यांना ते दिसले नव्हते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत अलंकारांचा धडा करायचा आहे. पहिला घाणा तिच्याकडेच पाठवीन. मोडत असेल तर ती सांगेल.